घरच्या घरी परीक्षक बांधा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष लागलं की विद्यार्थ्याला एकाच आठवड्यात दोन गोष्टी कळतात. एक, कॅम्पस प्लेसमेंट जवळ आली आहे. दोन, वर्गातल्या बाकी सगळ्यांनी सराव कधीच सुरू केला आहे. यावरचा उपाय सर्वांना ठाऊक असतो: रोज दोन प्रॉब्लेम सोडवायचे. पण थेट उपायाला हात घालणं हे उतावळेपणाचं लक्षण. आधी यूट्यूबवर रोडमॅप पाहायचा, मग कोणाकडून तरी प्रॉब्लेमची एक्सेल शीट मिळवायची, मग त्यातले सोपे हिरव्या, मध्यम पिवळ्या आणि अवघड लाल रंगात रंगवायचे. रंगकाम आटोपेपर्यंत सेमिस्टर संपतं.

प्रस्तुत मार्गदर्शिका याच्या पुढचा टप्पा शिकवते. सरावाला बसण्याआधी सरावाचं टूल स्वतः बांधायचं. छोटं, कमांड लाइनवर चालणारं आणि इंटरनेट गेलं तरी न अडणारं. याचे फायदे दोन. पहिला सामाजिक आहे: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकताना दिसली की घरातलं कोणीही तुम्हाला दळण आणायला पाठवत नाही. दुसरा फायदा जरा अडचणीचा आहे. टूल नीट बांधलं, तर ते खरोखर चालतं आणि मग सराव करावा लागतो. हा धोका कसा टाळावा, याच्या सूचना नवव्या पायरीत दिल्या आहेत.

वेबसाइट असताना हे कशाला

हा प्रश्न तुम्हाला रूममेट विचारेल, तेव्हा उत्तर तयार हवं. मुंबईच्या डिरेक्टीने 2009 साली कोडशेफ सुरू केलं. कोडफोर्सेस आणि लीटकोडही आहेत. या सगळ्या ठिकाणी परीक्षक बसलेलाच आहे. प्रोग्राम द्या, तो आतल्या टेस्ट केसवर चालवून निकाल देतो.

पण तिथला परीक्षक बऱ्याचदा बरोबर की चूक एवढंच सांगतो. स्पर्धा चालू असताना कुठे चुकलं ते सहसा सांगत नाही. शिवाय चूक महाग पडते. आयसीपीसीच्या पद्धतीच्या स्पर्धेत नंतर सुटलेल्या प्रॉब्लेमवर आधी झालेल्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनमागे 20 मिनिटं दंड चढतो. साध्या सरावात दंड नसला, तरी शेजारच्या टॅबवर चर्चा असते, चर्चेत उत्तर असतं, आणि ‘फक्त हिंट बघतो’ म्हणून आत गेलेला माणूस पूर्ण कोड वाचूनच बाहेर येतो. घरच्या परीक्षकाकडे चर्चेचा टॅब नाही. पन्नासदा चुकलात तरी तो कोणाला कळवत नाही. रूममेटला एवढं सांगा आणि हेडफोन लावा.

लागणारं साहित्य

पायथन 3.7 किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती, एक टर्मिनल, एक एडिटर, कागद आणि पेन्सिल. पायथनसोबत जे येतं त्यातच काम भागतं, बाहेरून एकही पॅकेज बसवायचं नाही. नवशिक्याला हे पटत नाही. एकही पॅकेज न बसवता झालेलं काम त्याला काम वाटत नाही. त्याने मन शांत करण्यासाठी एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करावं आणि ते रिकामं ठेवावं.

कागद-पेन्सिल कशाला, हे पाचव्या पायरीत कळेल. ते साहित्यातून वगळणाऱ्यांची तक्रार स्वीकारली जाणार नाही.

पायरी 1: नाव ठेवणे

टूलचं नाव हा सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. इंग्रजी नावं सुचतील ती सगळी आधीच कोणीतरी घेतलेली असतील. तेव्हा सरळ ‘सराव’ म्हणा.

कमांडही मराठीत ठेवता येतात, ही थट्टा नाही. 2008 साली आलेल्या पायथन 3.0 पासून व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं देवनागरीत चालतात. कमांडची नावं तर नुसता मजकूर असतो, त्याला कसलीच आडकाठी नाही. पायथनला ‘६१७४’ हा देवनागरी मजकूर देऊन त्याची संख्या करायला सांगा, तो निमूटपणे 6174 करून देतो. उलट दिशेने मात्र तो ही मेहेरबानी करत नाही: उत्तर 3 असं छापतो, आणि तुमच्या अपेक्षित उत्तराच्या फाइलमध्ये ३ असेल तर दोन्ही वेगळे धरले जातात.

अडचणी येतील त्या पडद्यावर. बऱ्याच टर्मिनलांना जोडाक्षरं झेपत नाहीत, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘कापरेकर’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर तो 7 सांगतो, कारण काना आणि मात्रा तो वेगळ्या मोजतो. त्यामुळे तक्त्यातले रकाने एका रेषेत येणार नाहीत. ते येत नाहीत म्हणून तुम्ही दोन दिवस घालवणार असाल, तर घालवा. रकाने सरळ नसले तरी निकाल बदलत नाही, हे तिसऱ्या दिवशी लक्षात येतं.

पायरी 2: कमांड ठरवणे

चार कमांड पुरतात. ‘नवा’ प्रॉब्लेमचं फोल्डर तयार करते. ‘तपास’ उत्तर चालवून बघते. ‘यादी’ काय सुटलं, काय राहिलं ते दाखवते. ‘काढ’ आज कोणता प्रॉब्लेम करायचा ते सांगते. ‘सराव तपास कापरेकर’ (कापरेकर हा प्रॉब्लेम चौथ्या पायरीत येईल) असं टाइप केलं की काम सुरू, एवढीच अपेक्षा.

कमांड ओळखण्यासाठी पायथनचं आर्गपार्स वापरा. त्याने प्रत्येक कमांडचं मदतीचं पान आपोआप तयार होतं. हे पान तुमच्याशिवाय कोणीही वाचणार नाही, तरी ते सुंदर दिसावं असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या आणि पुढे चला.

या टप्प्यावर पाचवी कमांड सुचते. ती कागदावर लिहून ठेवा आणि कागद उलटा करा.

पायरी 3: फोल्डरं लावणे

प्रत्येक प्रॉब्लेमला एक फोल्डर. आत उत्तराची एक फाइल, आणि टेस्ट केसच्या जोड्या: एक इनपुटची फाइल, एक अपेक्षित आउटपुटची. फायलींना 1, 2, 3 असे क्रमांक दिलेत, तर दहाव्या टेस्टच्या दिवशी गंमत होते. कॉम्प्युटर नावांचा क्रम अक्षरशः लावतो, म्हणून 10 हा 2 च्या आधी येतो. 01, 02 असं लिहायला सुरुवातीपासून शिका. नाहीतर हा क्रम दुरुस्त करण्यासाठी वेगळं फंक्शन लिहा, त्यातही एक दुपार सुखाने जाते.

वेबसाइटवरचे प्रॉब्लेम आपोआप उतरवून घेणारी स्क्रिप्ट लिहायचा मोह इथे होतो. लिहू नका. वर्णनं त्यांच्या मालकीची आहेत, पानांची रचना बदलली की स्क्रिप्ट मोडते, आणि शेवटी तुमच्याकडे न सोडवलेले पाच प्रॉब्लेम होते त्याऐवजी न सोडवलेले पाचशे होतात. दुवा जपून ठेवा आणि प्रॉब्लेम आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहा. दोन ओळींत लिहिता येत नसेल तर तो अजून समजलेला नाही. ही तपासणी फुकट होते आणि तिला कोडही लागत नाही.

पायरी 4: पहिला प्रॉब्लेम निवडणे

टूल तपासायला एक प्रॉब्लेम हवा. तो आपल्या देवळालीचा घेऊ. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 1949 साली 6174 या संख्येचा एक गुण शोधला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त 7 पायऱ्यांत तुम्ही 6174 वर पोहोचता आणि तिथेच राहता. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352, मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. तीन पायऱ्या.

आपला प्रॉब्लेम असा: चार अंकी संख्या दिली असता 6174 पर्यंत किती पायऱ्या लागतात ते छापा, पोहोचता येत नसेल तर उणे 1 छापा. कापरेकरांनी हे कॉम्प्युटरशिवाय केलं. तुमच्याकडे कॉम्प्युटर असल्यामुळे वेळ जास्त लागेल.

पायरी 5: टेस्ट केस लिहिणे

आता कागद आणि पेन्सिल. अपेक्षित उत्तर हाताने काढायचं, प्रोग्रामकडून नाही. प्रोग्रामने दिलेलं उत्तर अपेक्षित म्हणून चिकटवलं, की टूल दरवेळी हिरवं होतं आणि आयुष्यभर हिरवं राहतं. ज्यांना फक्त हिरवा रंग हवा आहे, त्यांनी ही पायरी इथेच संपली असं समजावं.

बाकीच्यांनी पाच टेस्ट लिहाव्यात. 3524 चं उत्तर 3. 6174 चं उत्तर 0, कारण आपण तिथेच उभे आहोत. आधी वजाबाकी करून मग तपासणारा प्रोग्राम इथे 1 म्हणतो. 1111 चं उत्तर उणे 1. 1004 चं उत्तर 7, कारण ती 4086, 8172, 7443, 3996, 6264 आणि 4176 अशी फिरून येते. आणि 2111 चं उत्तर 5. ही शेवटची संख्या दिसायला साधी आहे. तिच्याकडे लक्ष ठेवा.

चांगल्या टेस्ट केसची ओळख अशी, की ती लिहिताना आपल्याला प्रॉब्लेमविषयी काहीतरी कळतं. वाईट टेस्ट केस लिहिताना फक्त फायलींची संख्या वाढते.

पायरी 6: प्रोग्राम चालवणे

हा टूलचा गाभा आहे आणि तो पंधरा-वीस ओळींत मावतो. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये रन नावाचं फंक्शन आहे. त्याला सांगायचं: हा प्रोग्राम चालव, ही फाइल त्याला इनपुट म्हणून दे, तो जे छापेल ते पकडून ठेव. कोणतं पायथन चालवायचं, ते सिस मॉड्यूलमधल्या एक्झिक्युटेबलवरून घ्या, म्हणजे टूल ज्या पायथनवर चालतं आहे त्यावरच उत्तरही चालतं. नुसतं ‘पायथन’ लिहिलंत तर मशीनवरच्या तीन आवृत्त्यांपैकी कोणती उठेल हे नशिबावर राहतं.

उत्तराच्या प्रोग्रामला इनपुट कीबोर्डवरून आलं की फाइलमधून, हे कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ही सोय युनिक्सवाल्यांची पुण्याई. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या तोंडी लावणारा पाइप डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी 1973 साली युनिक्समध्ये बसवला. तेव्हापासून प्रोग्राम एकमेकांशी बोलतात. आपला परीक्षक त्याच वाटेने चालतो.

इथे नवशिक्याचा पहिला लाल निकाल येतो आणि त्यात अल्गोरिदमचा काही दोष नसतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आपल्याला ‘कृपया संख्या टाका’ असं छापून मग इनपुट घ्यायला शिकवलेलं असतं. जर्नलमध्ये तसा प्रोग्राम शोभून दिसतो. परीक्षकाला मात्र कोणी कृपया म्हटलेलं चालत नाही. त्याला 3 हवा होता, त्याला ‘कृपया संख्या टाका 3’ मिळालं. नापास. सौजन्य काढून टाका.

दुसरा लाल निकालही असाच. चूक शोधायला मध्येच छापलेल्या ओळी काढायच्या राहून जातात. त्या स्टँडर्ड एररवर छापा. ही वाट आउटपुटपासून वेगळी असते. परीक्षक ती उत्तरात धरत नाही आणि तुम्हाला दिसत राहते.

पायरी 7: तुलना करणे

मिळालेलं आणि अपेक्षित, दोन्ही समान आहेत का? हे एका ओळीचं काम वाटतं. मग कळतं, की अपेक्षित फाइलच्या शेवटी एडिटरने एक मोकळी ओळ टाकली आहे. कोणीतरी विंडोजवर फाइल केली म्हणून ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं आहेत. शेवटच्या आकड्यानंतर एक स्पेस राहिली आहे. तिन्ही वेळा डोळ्यांना दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात आणि टूल नाही म्हणतं. अशा वेळी टूलला शिव्या देण्याआधी दोन्ही बाजूंचे शब्द मोकळ्या जागेवर तोडून घ्या आणि शब्दांची तुलना करा. उत्तर जिथे चित्र किंवा आकृती असेल, तिथे मोकळी जागाही उत्तराचा भाग असते. तेवढा अपवाद.

दशांश उत्तरांसाठी थोडी सूट द्या, दहा लाखाव्या भागाइतका फरक माफ. एकाहून जास्त उत्तरं बरोबर असतील तर त्या प्रॉब्लेमला स्वतंत्र तपासनीस फंक्शन लागतं. ते लागेल तेव्हाच लिहा.

चूक झाली की टूलने तीन गोष्टी दाखवाव्यात: इनपुट काय होतं, हवं काय होतं, मिळालं काय. पहिला फरक पडलेली ओळ दाखवली की पुरे. वेबसाइटचा परीक्षक ज्या गोष्टी बऱ्याचदा राखून ठेवतो, त्या याच. घरच्या परीक्षकाचा सगळा मोठेपणा यात आहे.

पायरी 8: वेळ मोजणे आणि निकाल सांगणे

आता 2111 कडे वळू. नवशिक्या संख्येचा मजकूर करतो, अंक क्रमाने लावतो, वजाबाकी करतो, 6174 येईपर्यंत लूप फिरवतो. 3524 पास. 1004 पास. 1111 साठी सुरुवातीलाच वेगळी अट घातल्यामुळे तीही पास. मग 2111 येते. 2111 वजा 1112 म्हणजे 999. याचे अंक तीनच. 999 वजा 999 शून्य. शून्य वजा शून्य शून्य. लूप फिरत राहतं आणि टर्मिनल गप्प बसतं.

खरं म्हणजे 999 ला पुढे शून्य जोडून 0999 धरायचं होतं. मग 9990 वजा 0999 म्हणजे 8991, पुढे 8082, 8532 आणि 6174. एवढ्या एका शून्यासाठी प्रोग्राम अनंतकाळ फिरायला तयार असतो. तो कधी थांबेल का, हे टूलला आधी ओळखता येईल का? कोणताही प्रोग्राम दिला असता तो थांबेल की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, असं ॲलन ट्युरिंग यांनी 1936 साली सिद्ध केलं. त्यामुळे आपण तत्त्वज्ञानात न शिरता 2 सेकंद मोजतो. रन या फंक्शनलाच टाइमआउट देता येतो. वेळ संपली की ते प्रोग्राम बंद करतं आणि तक्रार वर पाठवतं. ती तक्रार पकडून ‘वेळ संपली’ असं छापा.

निकाल चारच ठेवा: बरोबर, चूक, वेळ संपली, कोसळला. कोसळलेला ओळखायला एक्झिट कोड बघा. शून्य म्हणजे सुखरूप, शून्याखेरीज काहीही म्हणजे गडबड. तुमच्या टूलनेही हाच नियम पाळावा. सगळं पास झालं तर शून्य, नाहीतर एक. मग तपास पास झाली तरच गिटमध्ये कमिट होईल अशी साखळी एका ओळीत जोडता येते.

रंग हवेच असतील तर एस्केप कोडमध्ये 32 म्हणजे हिरवा, 31 लाल, 0 म्हणजे पूर्ववत. शून्य विसरलात तर पुढचं सगळं टर्मिनल लाल राहतं आणि पुढच्या कमांडही नापास झाल्यासारख्या दिसतात. रंगासोबत शब्दही छापा, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही.

उत्तर बरोबर आलं असं वाटल्यावर एक शेवटची चाळणी लावा. 1000 ते 9999 या 9000 संख्यांपैकी सारख्या अंकांच्या 9 सोडा. उरलेल्या 8991 मधल्या प्रत्येकीचं उत्तर 0 ते 7 मध्ये यायला हवं. हे तपासायला कोणाकडूनही अपेक्षित उत्तरं आणावी लागत नाहीत. ज्या प्रॉब्लेमला असा नियम सापडत नाही, तिथे आधी साधा, संथ पण खात्रीचा प्रोग्राम लिहा आणि यादृच्छिक इनपुटवर तो आणि हुशार प्रोग्राम समोरासमोर चालवा. जिथे दोघांचं पटत नाही, तिथे तुमची चूक आहे. स्पर्धेत मुरलेली मुलं याला स्ट्रेस टेस्टिंग म्हणतात.

पायरी 9: सुधारणा करणे

इथपर्यंत टूल चालू लागलं आहे. आता सराव सुरू होण्याचा गंभीर धोका आहे. तो टाळण्यासाठी पुढील उपाय अनुक्रमे करावेत.

प्रथम, टूल उघडताना मोठ्या अक्षरांतलं नाव छापावं. मग टेस्टच्या प्रगतीची पट्टी बसवावी. पाच टेस्ट अर्ध्या सेकंदात संपत असल्याने ती दिसणार नाही, म्हणून मध्ये थोडा वेळ थांबायला सांगावं. मग सगळी सेटिंग वेगळ्या फाइलमध्ये न्यावीत, आणि ती फाइल कोणत्या स्वरूपात असावी यावर मित्राशी वाद घालावा. नोंदी साध्या जेसन फाइलमध्ये असतील तर डेटाबेसमध्ये हलवाव्यात. त्यानंतर पायथन मंद आहे असं जाहीर करून सगळं रस्टमध्ये पुन्हा लिहायला घ्यावं. दोन सेकंदांची मर्यादा असलेल्या टूलचे वीस मिलिसेकंद वाचतील. शेवटी गिटहबवर टाकावं, वर्णन इंग्रजीत लिहावं आणि कोणी तारा दिला का ते दर तासाला बघावं.

एआयकडून टूल लिहून घेण्याचा सल्ला कोणी देईल. त्यापासून सावध राहा. टूल अर्ध्या मिनिटात तयार होतं आणि मग संध्याकाळभर प्रॉब्लेमशिवाय समोर काहीच उरत नाही.

पायरी 10: उजळणी

ही पायरी थट्टेत घालवण्याजोगी नाही. सुटलेला प्रॉब्लेम महिन्याने पुन्हा दिला की बहुतेकांना तो पहिल्यांदा पाहिल्यासारखा वाटतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मांडला. शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने जातं, मग सावकाश. म्हणून ‘काढ’ या कमांडने प्रॉब्लेम चिठ्ठी टाकून काढू नये. सुटलेला प्रॉब्लेम 1, 3, 7 आणि 21 दिवसांनी परत समोर यावा, आणि चुकला तर मोजणी पहिल्यापासून. प्रत्येक प्रॉब्लेमपुढे पुढची तारीख लिहून ठेवली की झालं, जेसन फाइल एवढ्याला पुरते. मराठी नावं जेसनमध्ये साठवताना एन्शुअर आस्की ही सोय बंद करा आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये लिहा. नाहीतर ‘कापरेकर’च्या जागी आकड्यांची रांग दिसेल.

काय काढायचं ते टूलने ठरवावं, यालाही कारण आहे. निवड आपल्या हाती राहिली की आपण येतो तोच प्रॉब्लेम काढतो आणि तो सुटला म्हणून खूश होतो.

नेहमीच्या शंका

माझं उत्तर सी प्लस प्लसमध्ये आहे. चालेल. टेस्ट चालवण्याआधी एकदाच कंपाइल करा, आणि कंपाइल झालं नाही तर तो पाचवा निकाल म्हणून वेगळा दाखवा. दर टेस्टला कंपाइल करणारं टूल पाहिलं की रूममेटला हसायला कारण मिळतं.

मित्राचा कोड माझ्या टूलवर तपासू का? तुमचं टूल तो कोड तुमच्याच अधिकारांनी चालवतं. त्यात फायली पुसणारी ओळ असेल तर फायली पुसल्या जातील. वेबसाइटचे परीक्षक अनोळखी कोड बंदिस्त जागेत चालवतात, तुमच्याकडे ती सोय नाही. आधी वाचा, मग चालवा.

मुलाखतीत या टूलबद्दल सांगू का? जरूर. अडकलेला प्रोग्राम कसा बंद करता, आउटपुट आणि एरर वेगळे का ठेवता, असं विचारलं तर तुम्हाला सांगण्यासारखं असेल, आणि ते पाठ केलेलं नसेल. त्यानंतर ते प्रॉब्लेम देतात.

टूल पूर्ण झालं हे कसं ओळखावं

टूलच्या फाइलला सलग पंधरा दिवस हात लागला नाही आणि त्याच पंधरा दिवसांत प्रॉब्लेमची फोल्डरं वाढली, तर टूल पूर्ण झालं. उलट चित्र असेल, तर तुम्ही टूल बांधत आहात आणि सराव टाळत आहात. मदतीचं पान कितीही देखणं असलं तरी निकाल बदलत नाही. चार कमांड, दीडशेच्या आतल्या ओळी, हाताने लिहिलेल्या टेस्ट, यापलीकडे नवशिक्याला काही लागत नाही. पायरी 2 मध्ये उलटा केलेला कागद आता फाडून टाका, ‘काढ’ चालवा, आणि जो प्रॉब्लेम येईल तो बदलून न घेता सोडवा.